किचनमधलं तळं : घराशेजारचं पिकलबॉल कोर्ट, एका पावसाळ्यानंतर

घरी पिकलबॉलचं, म्हणजे बॅटने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटवरून मारायच्या खेळाचं, कोर्ट करायचं आहे, रंग कुठल्या कंपनीचा घ्यावा, असं विचारणारे मला बरेच भेटतात. खालच्या काँक्रीटचा ढाळ कोणी तपासला, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. भुसावळला आमच्या घराला लागून असलेल्या प्लॉटवरच्या कोर्टाने आता एक उन्हाळा, एक पावसाळा आणि ऑक्टोबरची भाजणारी ऊन्हं काढली आहेत. रंगाबद्दल माझी तक्रार थोडी आहे. ढाळाबद्दल एवढी आहे की त्यासाठीच हे लिहायला बसले.

नेटच्या पश्चिमेकडच्या खांबापाशी, साइडलाइन ओलांडून किचनच्या, म्हणजे नेटला लागून दोन्हीकडे असलेल्या सात फुटी पट्ट्याच्या, कोपऱ्यात परातीएवढं पाणी साचतं. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले, बाकीचं कोर्ट कोरडं ठणठणीत झालं, तरी ते तिथेच. डिंक, म्हणजे नेटवरून अलगद टाकायचा फटका, मारायला पुढे यावं आणि चेंडू नेमका त्यात पडावा. तो उसळतच नाही, जागीच बसतो. अठराशे चौरस फुटांत दोन फुटांचा तुकडा, त्याचं काय एवढं, असं मला आमच्या घरच्यांनीही ऐकवलं. पण या खेळात निम्मे गुण नेटजवळच्या त्या सात फुटांतच ठरतात. मागच्या कोपऱ्यात तळं असतं तर मी एक शब्द लिहिला नसता.

आकडे तुम्हाला माहीत असतील, तरी माझं गाऱ्हाणं कळावं म्हणून सांगते. खेळायची जागा २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाइतकीच. भोवती मोकळी जागा धरून आम्ही ३० बाय ६० चा स्लॅब केला. प्लॉट सुदैवाने दक्षिणोत्तर लांब आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ कोणाच्या डोळ्यांत सूर्य येत नाही. ढाळ पूर्वेकडून पश्चिमेच्या गटारीकडे, दहा फुटाला एक इंच, तोही संपूर्ण कोर्टाला एकाच दिशेने. नेटपाशी उंचवटा करून दोन्हीकडे उतार द्यायचा नसतो आणि गच्चीसारखा चार बाजूंनी एका तोंडाकडेही न्यायचा नसतो. आमचे हे रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यातून निवृत्त झालेत, रुळांची लेव्हल बघण्यात त्यांची हयात गेली. काँक्रीट ओतताना ते दोरी आणि पाण्याची नळी घेऊन दिवसभर उभे होते. दहा फुटी पट्टी ठेवली तर खाली एका सुतापेक्षा जास्त फट दिसता कामा नये, हे त्यांनी मिस्तरीकडून जवळपास सगळीकडे करून घेतलं. म्हणजे स्लॅब उत्तम झाला होता.

नंतर तो फोडला.

नेटच्या खांबांचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच जागेवर बसवायचे असतात. दोन खांबांतलं अंतर २२ फूट, म्हणजे प्रत्येक खांब साइडलाइनच्या एक फूट बाहेर. कंत्राटदाराच्या माणसाने पूर्वेचा पाइप बसवला, पश्चिमेचा राहिला. स्लॅब झाल्यावर दोन फुटी चौकोन ब्रेकरने फोडला, पाइप उभा केला आणि भोवती हातानेच माल भरून रंध्याने घोटला. ताजा माल वाळताना थोडा खाली बसला. वरच्या सबंध कोर्टाचं पाणी उतरून याच बाजूला येतं, ते त्या खळग्यात थांबू लागलं. आमच्या ह्यांनी तेव्हाच बादलीभर पाणी ओतून दाखवलं होतं. मिस्तरी अमळनेरकडचे. ते म्हणाले, "व्हई जाई ताई, ऊन पडनं का सुकी जाई." माणूस मनाने चांगला, त्यांच्या बाकीच्या कामात मला खोट काढता येणार नाही. पण हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

खालचं काम का चांगलं म्हणते तेही सांगते, कारण इकडे तेच खरं अवघड असतं. तापीकाठची आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून वर येते. तिच्यावर थेट स्लॅब टाकला तर पहिल्याच वर्षी तडे. आम्ही काळी माती काढून टाकली, मुरूम थराथराने पसरून पाणी मारून रोलरने दाबला, वर सोलिंग, मग प्लॅस्टिकचा कागद अंथरून जाळीचं काँक्रीट. खालची ओल वर येऊन रंग फुगू नये म्हणून तो कागद. सांधे दुसऱ्याच दिवशी मशीनने कापले. मशीनने काचेसारखं गुळगुळीत करू, छान दिसेल, असं कंत्राटदार म्हणत होता. आम्ही झाडूने ओढलेला खरबरीत पृष्ठभागच मागितला, गुळगुळीत काँक्रीटला ॲक्रिलिक धरत नाही. क्युरिंगचं केमिकलही मारू दिलं नाही, त्यानेही रंगाची पकड जाते. आळी बांधून पाणी धरलं आणि २८ दिवस पुरे होईपर्यंत रंगवाल्यांना गेटच्या आत घेतलं नाही. एवढ्या पावसानंतरही त्या स्लॅबला फक्त कापलेल्या सांध्यांच्या रेषा आहेत, तडा नाही.

मार्चमध्ये रंगवाल्यांनी ॲसिडने धुऊन प्रायमर मारला, मग रिसर्फेसर, म्हणजे सिलिका वाळू मिसळलेला रंगाखालचा थर, मग रंगाचे हात, शेवटी दोन इंची पांढऱ्या पट्ट्या. काम पहाटे सुरू करून नऊच्या आत संपवायचे, कारण उन्हात रबरी वायपरखालीच माल सुकतो आणि ओरखडे उठतात. या लोकांचं काम नीटनेटकं होतं. पण त्या खळग्यावरून त्यांनी तसाच वायपर ओढला. सिव्हिल काम आमच्याकडे नाही, म्हणाले.

पावसाळ्यात ते पाणी दिसलं तेव्हा मी दोघांना फोन केले आणि पुढे सगळा पावसाळा याच वाक्याने खाल्ला. रंगवाले म्हणायचे, बेस सिव्हिलवाल्याचा. सिव्हिलवाला म्हणायचा, वरचा थर रंगवाल्यांचा, मी फोडला तर त्यांची हमी जाईल. हमीच्या कागदावर रंग उडण्याचा उल्लेख आहे, पाणी साचण्याचा नाही. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, काही कोकण नाही, त्यामुळे दोघेही म्हणत, चार महिने थांबा. वायपर ठेवा, पुसून घ्या. पैसे मोजून घेतलेल्या कोर्टावर खेळायला आलेल्या माणसाने आधी फरशी का पुसायची? रंगवाल्यांचा विक्रीचा माणूस तर एकदा म्हणाला, वरून प्लॅस्टिकच्या जाळीदार टाइल्स टाकून घ्या, पाणी दिसणारच नाही. दिसणार नाही, पण खाली राहील ना? डासांना घर करून द्यायचं आणि वर त्याचेही पैसे भरायचे? त्या दिवशी मी फोन ठेवताना नमस्कारसुद्धा म्हटलं नाही.

ऑक्टोबरमध्ये व्हायचं तेच झालं. जुन्या आणि नव्या काँक्रीटच्या सांध्यावर, त्या चौकोनाच्या कडेने, केसाएवढी भेग होती. साचलेलं पाणी तिच्यातून रंगाखाली गेलं. ऊन तापलं, वाफ धरली, फुगे आले आणि बुटाच्या टाचेखाली पोपडे निघाले. आता मात्र रंग उडाला होता, म्हणजे हमीच्या कागदात आला. मी पोपडे डबीत भरून ठेवले. अंगणातल्या नळाला पाइप लावून कोर्ट धुतलं, तासाभराने खळग्यात नाणं ठेवलं आणि ते बुडालेलं दिसेल असा व्हिडिओ काढला. तासाभराने नाणं बुडेल इतकं पाणी उरता कामा नये, हा या धंद्यातला मान्य नियम आहे. व्हिडिओ दोघांनाही पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, की शेवटचा हप्ता माझ्याकडे आहे.

वरचं सगळं मी तेव्हा लिहून ठेवलं होतं. त्यानंतर दोघेही आले, एकाच दिवशी. तेव्हा आता थोडं बदलून लिहायला हवं.

नोव्हेंबरात काम झालं. सैल रंग ग्राइंडरने काढला, भेग उघडून भरली, प्रायमर मारून ॲक्रिलिक बाइंडर, बारीक सिलिका वाळू आणि सिमेंटचं मिश्रण पातळ थरांनी भरलं. एकदम जाड थर भरला तर तो आक्रसतो आणि फाटतो, म्हणून प्रत्येक थर वाळू दिला, कडा घासून शून्यावर आणल्या. मार्चमध्ये नऊला संपणारं काम यावेळी दहानंतर सुरू व्हायचं, कारण दहा अंशांखालच्या थंडीत हा माल नीट बसत नाही आणि आमच्याकडे पहाटे तेवढा गारठा पडू लागतो. मिस्तरीही आले होते, आमच्या ह्यांच्या शेजारी उकिडवे बसून पट्टीखालून उजेड बघत होते. पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. नाणं कोरडं.

फक्त तो चौकोन आता बाकीच्या निळ्यापेक्षा गडद दिसतो. उन्हात मुरलेल्या रंगाशेजारी नवा रंग तसा दिसणारच. सबंध कोर्टावर एक हात मारून देऊ, असं रंगवाले म्हणाले, त्याचं बिल वेगळं. मी नाही म्हटलं. चेंडूला रंग कळत नाही आणि चार-पाच वर्षांनी सगळंच रिसर्फेस करायचं आहे.

खरबरीतपणाबद्दलही माझं मत बदललं. एप्रिल-मेमध्ये मला त्या वाळूचा राग येत होता. बुटांचे तळ झिजत होते, चेंडूवर ओरखडे पडत होते, एकदा हात टेकला तर कातडी सोलली. रंगवाल्यांनी वाळू जास्त घातली असं मी सगळ्यांना सांगत फिरले. पण पावसाळ्यात, सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासात आम्ही साठीच्या आसपासच्या बायका त्याच कोर्टावर खेळलो आणि कोणाचाही पाय घसरला नाही. आता कोणी गुळगुळीत करून देतो म्हणालं तरी मी करू देणार नाही. रबराच्या थराचं कुशन मात्र घ्यायला हवं होतं की नाही, यावर आमच्या जाऊबाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचे गुडघे दुखतात. मला त्याचं कोटेशन आठवतं.

उन्हाळ्याचं खरं सांगायचं तर मे महिन्यात सकाळी आठनंतर कोर्टावर पाय ठेवायची सोय नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गडद निळा रंग ते सगळं ऊन पिऊन घेतो. सूर्य बुडाल्यावरही तासभर खालून झळ मारते. बाहेरच्या पट्ट्याला फिका हिरवा घेतला तो त्यातल्या त्यात बरा. चेंडू उन्हात मऊ पडतात आणि थंडीत तडकतात, म्हणून चाळीस भोकांचे, उघड्यावर खेळायचे चेंडू मी घरातच ठेवते, शेडमध्ये नाही. कडुनिंबाची पानं आणि निंबोळ्या रोज झाडाव्या लागतात, ओल्या राहिल्या तर डाग पडतात. धूळ तर आपल्याकडे आहेच. आवाजाबद्दल शेजारच्यांनी एकदाच सांगितलं, दुपारी एक ते चार कोणी खेळत नाही, मिटलं.

आणि ज्याचा मी काहीच अंदाज धरला नव्हता ते म्हणजे माणसं. कोर्ट नातीसाठी केलं होतं, ती पुण्याहून सुट्टीत येते. तिच्यामागे रोज सकाळी कॉलनीतल्या आठ-दहा बायका येतात, ज्यांनी शाळा सुटल्यावर हातात बॅट धरली नव्हती. सर्व्ह खालून करायची, कोर्ट लहान, नेट मध्ये ३४ इंचांवर, त्यामुळे दोन दिवसांत खेळ चालू होतो. जाऊबाई दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून किचनच्या रेषेवर उभ्या राहतात आणि तिथून हलत नाहीत. तो कोपरा दुरुस्त व्हावा म्हणून मी एवढी भांडले, त्याचं हेही एक कारण. चेंडू जिथे जास्तीत जास्त वेळा पडतो तिथेच त्या उभ्या असतात.

करणाऱ्यांनी एवढंच करावं. रंगवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी उघड्या काँक्रीटवर पाणी सोडावं, तासाभराने दोघा कंत्राटदारांना एकत्र उभं करून नाणं ठेवावं आणि जिथे बुडेल तिथे खडूने गोल मारावा. खांबांचे पाइप स्लॅबच्या आधी बसलेत का, हे स्वतः जाऊन बघावं. दोन्ही कामं एकाच्याच अंगावर देता आली तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, हे मी, एक रुपया सोडताना चार वेळा विचार करणारी, म्हणतेय.

सिव्हिलवाल्याचा हिशेब मी पूर्ण केला, त्याने जे फोडलं ते भरून दिलं. रंगवाल्यांचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडे आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होईल, त्या चौकोनाच्या कडेला फुगा आला नाही, की त्याच आठवड्यात देईन, तसं त्यांना लिहून दिलंय.