मिंट : आठ महिने आणि साडेपाच तास

परवाच्या गुरुवारी सकाळी लाईट गेली, दुपारी आली, कॉम्प्युटर लावला, आणि घड्याळ पुन्हा चुकलेलं. या 'पुन्हा'साठीच हे सगळं लिहितोय. गेले आठ महिने घरी लिनक्स मिंट वापरतोय आणि त्यातला बराच वेळ खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चार आकड्यांकडे संशयानं बघण्यात गेलाय. मिंट म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, उबंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली.

मशीन २०१४ सालचं, जुळवून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) हवा आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा, म्हणजे आमचा नंबरच लागत नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. भाचा हिंजवडीत आयटीत आहे, तो म्हणाला, "मामा, चाळीस हजारात नवीन येतो, टाक ना घेऊन." त्याला चाळीस हजार म्हणजे दोन शनिवार-रविवार. मी २४० जीबीची एसएसडी आणि चार जीबीची सेकंडहँड रॅम घेतली, सगळं मिळून एकवीसशे रुपये, आणि मिंट २२.२ टाकलं. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. हिचं नाव झारा. बायकोला हे सांगितलं नाही.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहीत नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघितलं, आवाज येतो, प्रिंटर दिसतो, मग बटण दाबलं. वीस मिनिटांत झालं. एकच सांगतो: विंडोज ठेवणार असाल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज खऱ्या अर्थानं बंदच होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून त्याच्या ड्राइव्हवर काही लिहायला गेलात तर ते लिहू देत नाही.

विंडोज ठेवावंच लागलं, कारण बायको घरी डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कुणाकुणाचे गौरवअंक. तिचं सॉफ्टवेअर जुन्या, युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीच्या) आधीच्या फॉन्टवर चालतं आणि ते फक्त विंडोजवर. तिच्या फाइलमधली 'श्री गणेशाय नमः' ही ओळ मिंटमध्ये उघडली तर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उलटे प्रश्नचिन्ह असं काहीतरी दिसतं. तेव्हा अर्धी डिस्क तिची, अर्धी माझी. अपडेट बंद झालेलं विंडोज इंटरनेटवर नेणं बरं नाही म्हणून तिकडे वायफायचा पासवर्ड दिलाच नाही. हे मी फार हुशारीनं केलं होतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ अर्धं त्यात आहे.

उरलेलं अर्धं वायफायच्या डोंगलमध्ये. डोंगल जुनाच, साडेतीनशेचा, विंडोजमध्ये सात वर्षं चाललेला. मिंटमध्ये लावला की वायफाय नाही, त्याऐवजी डेस्कटॉपवर एक सीडी दिसायची. डोंगल लावून सीडी! तीन आठवडे मी मोबाइलला यूएसबी केबल लावून टेदरिंगवर, म्हणजे मोबाइलच्याच इंटरनेटवर, काम भागवलं, तेही गरजेपुरतं, कारण डेटा मोजका. (टेदरिंगला काही ड्रायव्हर (वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही, लगेच चालतं. नवीन माणसानं हे आधी लक्षात ठेवावं.) ड्रायव्हर शोधले, टर्मिनलमध्ये कुणाकुणाच्या कमांडा चिकटवल्या, एकदा तर टाइमशिफ्ट वापरून सगळं कालच्या स्थितीला परत न्यावं लागलं. शेवटी वैतागून त्या सीडीवर राइट क्लिक केलं आणि इजेक्ट म्हटलं. दोन सेकंदांत डोंगलचा निळा दिवा लागला आणि शेजारपाजारच्या अकरा वायफायांची नावं दिसायला लागली. असे काही डोंगल आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, पोटातला विंडोजचा ड्रायव्हर देण्यासाठी. सीडी बाहेर काढली की ते आपल्या मूळ रूपात येतात. ड्रायव्हर तर मिंटच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आधीपासून बसलेला होता. तीन आठवडे! पुढे भाच्यानं एक नियम लिहून दिला, आता हे आपोआप होतं.

आता घड्याळ.

पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या लिनक्सनं माझं घड्याळ बिघडवलंय." दुपारी बाराला तिनं विंडोज उघडलं तर सकाळचे साडेसहा. फाइल कधी केली यावरून ती बिलं लावते, म्हणून तिनं मुकाट्यानं हातानं वेळ नीट केली. रात्री नऊला मी मिंट उघडलं तर पहाटेचे अडीच. मी माझी वेळ नीट केली. दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा मागे, मग माझं पुन्हा पुढे. इंटरनेट तिच्याकडे नाहीच, माझ्याकडे टेदरिंग लावलं तर तेवढ्यापुरतं, त्यामुळे आपोआप सुधारायची धड सोय नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या नेमानं एकमेकांचं काम उलटवण्याचा हा पहिलाच प्रकार.

मी याकडे दुर्लक्ष केलं असतं, पण सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. १६ नोव्हेंबरच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा ठरली होती, विषय गच्चीवरच्या टाकीचा. तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. मी १० तारखेला, सोमवारी रात्री नऊला नोटीस टाइप केली, तारीख ऑटोमॅटिक घातली, छापली आणि लगेच खाली बोर्डावर लावली. कॉम्प्युटरच्या लेखी तेव्हा मंगळवारचे पहाटेचे अडीच वाजलेले. सकाळी बघतो तर नोटिशीवर तारखेला गोल करून बॉलपेननं लिहिलेलं: 'आज रात्री लागलेल्या नोटिशीवर उद्याची तारीख कशी? या तारखेपासून पूर्ण दिवस चारच भरतात.' खाली सही, फ्लॅट नंबर आणि वेळ, रा. १०.१०. म्हणजे त्या गृहस्थांचं घड्याळ बरोबर होतं. सभा आठवडाभर पुढे गेली. लिनक्सबद्दलचं माझं मत त्या दिवशी विचारलं असतंत तर पाचपैकी एक तारा दिला असता, तोही फुकट आहे म्हणून.

कॉम्प्युटरची वेळ चुकते म्हटल्यावर कुणीही पहिल्यांदा सांगतो, मदरबोर्डवरचा सेल गेला. मीही तेच धरलं. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्यानं झाकणही न उघडता बोर्ड गेला असं सांगितलं, तपासणीचे तीनशे मागितले आणि नवीन मशीनचं दरपत्रक हातात दिलं. मी ते घेऊन घरी आलो. मागची बाजू कोरी होती, कामाला आली. तपकीर गल्लीत जाऊन सीआर २०३२ चा सेल घेतला, तीस रुपये. तो बसवला. दुसऱ्या दिवशी बायकोच्या विंडोजमध्ये पुन्हा साडेपाच तास मागे.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सेल संपत आला की घड्याळ वेडंवाकडं मागे पडतं, नाहीतर एकदम कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतं. रोज बरोब्बर साडेपाच तास, मिनिटाचाही फरक नाही, इतकी शिस्त मरणाऱ्या सेलमध्ये नसते. साडेपाच तास म्हणजे ग्रीनिच आणि आपण! भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. अंशाला चार मिनिटं, गुणाकार करा, तीनशे तीस मिनिटं. (पुण्याचा सूर्य तसाही या वेळेच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो, पण ते असो.)

प्रकार असा आहे. कॉम्प्युटर बंद असतानाही बोर्डावर एक छोटं घड्याळ चालू असतं. विंडोज समजतं की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजतं की त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी आहे, आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. घड्याळ एक, वाचणारे दोन. दोघंही आपापल्या जागी बरोबर. दोघांना एका घरात नांदवताना कुणी तरी एकानं सवय बदलायची, एवढंच.

सेल बिचारा निर्दोष निघाला. मग नवा काढला आणि जुनाच परत बसवला. तीस रुपयांचा नवा सेल कशाला झिजवायचा? तो देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद करून त्याला यूटीसी पाळायला लावायचं, किंवा मिंटला स्थानिक वेळ पाळायला लावायचं. जाणकार पहिला उपाय सांगतात. पण बायकोच्या बाजूला हात लावायचा नाही असा आमच्यात करार आहे, म्हणून मी मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड दिली, अर्थात इंग्रजीत. नुसतं 'टाइमडेटसीटीएल' म्हटलं की आता ते एक लांबलचक ताकीद दाखवतं: ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही, टाइम झोन बदलताना आणि उन्हाळी वेळेला घोळ होतील. मी दोन दिवस घाबरून होतो. मग लक्षात आलं, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची पद्धतच नाही, आणि हा डेस्कटॉप टेबलावरून हलत नाही, तो टाइम झोन कसला बदलतोय. ती ताकीद लंडनवाल्यांसाठी. पुण्यात खुशाल करा.

डिसेंबरपासून दोन्हीकडे एकच वेळ आहे आणि मत बदललं. खरं सांगायचं तर भांडायला काही उरलं नाही म्हणून बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. चालू केल्यापासून फायरफॉक्स उघडेपर्यंत चाळीस सेकंद. पूर्वी तेवढ्यात मी चहा टाकून यायचो. प्रिंटर आणि स्कॅनर दोन्ही ड्रायव्हर न शोधता चालले. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इन्स्क्रिप्ट निवडलं की झालं. सोसायटीचं इतिवृत्त आता लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमध्ये लिहितो. अपडेट कधी करायचं ते मी ठरवतो, काम चालू असताना ते मला ठरवून देत नाही. या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, म्हणजे मशीन पंधरा वर्षांचं होईस्तोवर. एक तक्रार कायम आहे: स्लीपमध्ये टाकलं की जागं होताना कधी कधी आवाज येत नाही, पुन्हा सुरू करावं लागतं. मी स्लीप वापरणं सोडलं.

हे इथवर लिहून झालं असतं. पण परवाचा गुरुवार.

लाईट आल्यावर मशीन लावलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'सीमॉस चेकसम बॅड' आणि एफ-१ दाबा. दाबलं. मिंट उघडलं, घड्याळात बुधवार, रात्रीचे दहा चाळीस. राउटर अजून जागा व्हायचा होता. मी सवयीनं साडेपाच तासांचा हिशेब मांडायला घेतला, जमेना. बुधवारी रात्री दहा चाळीसला मी मशीन बंद केलं होतं! मिंट शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतं आणि बोर्डावरचं घड्याळ त्याहून मागे दिसलं तर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आपल्या नोंदीपासून सुरुवात करतं. राउटर आला आणि वेळ आपोआप नीट झाली. मी खूश होऊन पुन्हा सुरू करून विंडोज बघणार, तेवढ्यात लाईट पुन्हा गेली आणि आली. या वेळी विंडोजमध्ये गेलो. तिथे १ जानेवारी २०१४. बायकोच्या अहवालाच्या फाइली बारा वर्षं पुढच्या तारखांच्या.

म्हणजे या वेळी खरोखरच सेल गेला होता. राउटर कॉम्प्युटरच्याच स्विचबोर्डावर असल्यानं मी मुख्य बटण कधी बंद करत नाही, घड्याळाला विजेवर खुराक मिळत राहतो, त्यामुळे सेल कधी संपला ते कळलंच नाही. गुरुवारनं कळवलं. मी शांत होतो, कारण नवा सेल ड्रॉवरमध्ये होता.

ड्रॉवरमध्ये नव्हता.

"तो होय," बायको म्हणाली, "तो मी फेब्रुवारीत वजनकाट्यात घातला. तुम्ही म्हणाला होतात ना, बोर्डाला लागत नाही?"

म्हटलं होतं खरं. मी वजनकाट्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. चैत्रापासून तिचं साखर कमी करण्याचं चाललंय आणि सगळं ग्रॅमात मोजून होतं.

काल पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. सेल आता चाळीस रुपये.