एर्डॅप सर्व्हर: सागरी डेटा वाटायला उत्तम, तपासायला नाही

समुद्राची निरीक्षणं करणाऱ्या संस्थेचं घोडं डेटा साठवण्यात फारसं अडत नाही, वाटण्यात अडतं. बोयाच्या (समुद्रात तरंगणाऱ्या निरीक्षण-तराफ्याच्या) नोंदी सीएसव्हीत, सीटीडीच्या (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या) नेटसीडीएफ या वैज्ञानिक फाइल-प्रकारात, भरती-ओहोटीच्या कुणाच्या तरी एक्सेलमध्ये, आणि मागणारा प्रत्येकजण आपल्या सोयीच्या रूपात मागणार. एर्डॅप हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नेमकं इथे कामाला येतं. अमेरिकेतल्या नोआ या सागर आणि हवामान संस्थेच्या माँटेरे इथल्या विभागात बॉब सायमन्स यांनी ते घडवलं. फ्रान्सची इफ्रेमेर आणि हैदराबादची इन्कॉइस या सागरी संस्थांचेही एर्डॅप सर्व्हर आहेत.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे याचा पत्ता, म्हणजे यूआरएल. मूळ फाइल कशातही असो, डेटासंचाच्या नावापुढे .सीएसव्ही, .एनसी, .जेसन किंवा .मॅट लिहिलं की डेटा त्या रूपात मिळतो. त्यापुढे हवे ते रकाने आणि अटी. इफ्रेमेरच्या सर्व्हरवरच्या आर्गो फ्लोटच्या (समुद्रात वर-खाली जात मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित तरंगत्या उपकरणांच्या) संचातून अक्षांश १० ते २०, रेखांश ६५ ते ७५, एक महिना आणि फक्त दाब, तापमान, क्षारता एवढंच मागता येतं. अख्ख्या महासागराच्या फाइली उतरवाव्या लागत नाहीत. आलेखाचाही असाच पत्ता असतो, तो ईमेलमध्ये चिकटवला की समोरच्याला तोच आलेख दिसतो. एक खाच मात्र आहे: पत्त्यातली 'पेक्षा मोठं' आणि 'पेक्षा लहान' ही चिन्हं टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या संकेतात (%3E, %3C) बदलून पाठवावी लागतात. ब्राउझर ते बहुधा स्वतः करतो. स्क्रिप्टने केलं नाही तर टॉमकॅट (एर्डॅप ज्यावर चालतो तो वेब-सर्व्हर) ४०० क्रमांकाची चूक दाखवून विनंती परतवतो आणि लोक एर्डॅपला दोष देतात.

उभारणी सोपी आहे. नव्या आवृत्त्यांना जावा २१ आणि टॉमकॅट १० लागतं. डॉकरची तयार प्रतिमाही (सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) मिळते. सेटअपच्या फाइलीत 'बिग पॅरेंट डिरेक्टरी' टॉमकॅटच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर नवी आवृत्ती चढवताना लॉग आणि कॅशे पुसले जातील. ८ जीबीच्या मशीनवर जावाला ४ जीबी देऊन सुरुवात करावी.

खरं काम डेटासेट्सच्या एक्सएमएल फाइलीत असतं, म्हणजे प्रत्येक संचाचं वर्णन टॅगमध्ये लिहिलेल्या फाइलीत. सोबत येणारं 'जनरेट डेटासेट्स एक्सएमएल' हे अवजार नमुन्याची एक फाइल वाचून मसुदा तयार करतं. तो मसुदाच आहे, हे विसरून लोक तो जसाच्या तसा चिकटवतात. '००७' हा स्थानकाचा क्रमांक त्याला पूर्णांक वाटतो आणि पुढची शून्यं जातात. नमुन्याच्या फाइलीत योगायोगाने सगळी तापमानं पूर्णांकात असली की रकाना पूर्णांकाचा ठरतो. आर्गोमध्ये मोजमाप नसेल तिथे ९९९९९ असतं. आपल्या संचात असाच आकडा वापरला असेल आणि फिल व्हॅल्यू (मोजमाप नसल्याची खूण) म्हणून तो नोंदवला नाही, तर आलेखात समुद्र ९९९९९ अंशांवर उकळताना दिसतो. म्हणून प्रत्येक रकान्याचा प्रकार, एकक आणि फिल व्हॅल्यू हाताने तपासा, मग 'डासडीडीएस' हे संच तपासून बघायचं सोबतचं अवजार चालवा, आणि त्यात संच बिनचूक उघडला तरच तो मुख्य फाइलीत घाला. त्या फाइलीत एक टॅग उघडा राहिला किंवा पत्त्यातलं अँपरसँड नुसतं लिहिलं, की वाचन तिथेच थांबतं आणि पुढचे संचही अडकतात.

वेळेचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. उपकरणाचं घड्याळ भारतीय वेळेवर आणि फाइलीत कालविभागाचा उल्लेख नाही, तर एर्डॅप ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकतात. रोजच्या सरासरीत हे चटकन कळत नाही, पण भरती-ओहोटीच्या आलेखात लगेच उघडं पडतं. वेळेच्या रकान्याला 'टाइम झोन' हा गुणधर्म देऊन 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं. त्याहून बरं म्हणजे उपकरणच यूटीसीवर लावावं.

वेग फाइलींच्या मांडणीवर ठरतो. एर्डॅप प्रत्येक फाइलीतल्या प्रत्येक रकान्याची किमान आणि कमाल किंमत लक्षात ठेवतो आणि अटीत न बसणाऱ्या फाइली उघडतच नाही. स्थानकागणिक, महिन्यागणिक एक अशी मांडणी असेल तर याचा पुरेपूर फायदा मिळतो. दर तासाला एक फाइल टाकत गेलात तर वर्षाला एका बोयाच्या ८,७६० फाइली होतात. एक उघडायला १० मिलिसेकंद धरले तरी वर्षभराचा डेटा मागणारा दीड मिनिट ताटकळतो. चालू महिना तासाच्या फाइलींत ठेवून महिना संपला की त्या एकत्र कराव्यात. नवी फाइल थेट फोल्डरमध्ये कॉपी करू नका. अर्धवट लिहिलेली फाइल वाचली गेली की ती 'खराब' यादीत जाते. फाइलनावाच्या नियमात न बसणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. संच लगेच ताजा हवा असेल तर 'फ्लॅग' फोल्डरमध्ये त्याच्या नावाची रिकामी फाइल ठेवायची.

आता उणी बाजू. एर्डॅप गुणवत्ता तपासत नाही. गुणवत्तेचे फ्लॅग, म्हणजे नोंद कितपत भरवशाची हे सांगणारे आकडे, तो इतर रकान्यांसारखेच दाखवतो. वाईट नोंदी गाळायच्या की नाही हे मागणाऱ्यावर. आणि फ्लॅगची भाषा सगळीकडे एक नाही. आर्गोत १ म्हणजे चांगली, २ बहुधा चांगली, ३ बहुधा वाईट, ४ वाईट. अमेरिकेच्या क्वार्टॉड या सागरी डेटा तपासण्याच्या पद्धतीत २ चा अर्थ 'तपासलीच नाही' असा आहे. दोन संच शेजारी ठेवून '१ आणि २ घ्या' म्हणणारा न तपासलेला डेटा बिनधास्त वापरतो. प्रकाशकाने 'फ्लॅग व्हॅल्यूज' आणि 'फ्लॅग मीनिंग्ज' हे दोन्ही गुणधर्म लिहिलेच पाहिजेत. आर्गोचा डेटा घेताना शक्य तिथे 'अ‍ॅडजस्टेड' रकाने घ्यावेत. क्षारतेच्या संवेदकाची मोजणी काळानुसार हळूहळू चुकत जाते, आणि विलंबित तपासणीनंतरची दुरुस्ती त्याच रकान्यांत असते.

डेटाच्या जुन्या आवृत्त्या जपणं, डीओआय (संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक) देणं हेही याचं काम नाही. 'अर्काइव्ह अ डेटासेट' हे अवजार अभिलेखागाराकडे पाठवायचं गाठोडं बांधून देतं, पण अभिलेखागार तुमचं तुम्हीच शोधायचं. दिसायला पानं जुनाट आहेत, मोबाइलवर तर नकोशी होतात.

नुसता अक्षांश-रेखांशांच्या जाळीवर मांडलेला उपग्रह-डेटा किंवा मॉडेलचं फलित द्यायचं असेल तर थ्रेड्स हा दुसरा डेटा-सर्व्हरही चालेल. ते आधीच बसवलेलं असेल तर मोडू नका, एर्डॅप त्यातूनही डेटा वाचतो. बोया, फ्लोट, सीटीडी, ज्वारमापक अशा तक्त्यांसाठी मात्र एर्डॅपच घ्यावा. एखादं महाविद्यालय किंवा मत्स्य विभागही तो चालवू शकेल, फक्त एक्सएमएल लिहिणारा माणूस नेमावा आणि त्याला 'स्टेटस'च्या पानावरची न उघडलेल्या संचांची यादी रोज सकाळी बघायला सांगावी.