नॉयस आणि टीच: गणित-विज्ञानाचे शिक्षक होणाऱ्यांसाठीच्या दोन अमेरिकी शिष्यवृत्त्या, जरा खोलात

अमेरिकेत कॉलेजात शिकत असतानाच शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यापुढे केंद्र सरकारचे दोन मोठे पर्याय असतात. एक नॅशनल सायन्स फाउंडेशनची रॉबर्ट नॉयस शिष्यवृत्ती आणि दुसरी शिक्षण खात्याची टीच ग्रँट. नावात शिष्यवृत्ती किंवा ग्रँट असली तरी या दोन्हींची जात आपल्याकडच्या एमबीबीएसनंतरच्या बाँडची आहे. ठरलेल्या ठिकाणी ठरलेली वर्षं शिकवलंत तर पैसे तुमचे, नाहीतर तेच पैसे कर्ज म्हणून परत. त्यामुळे रकमेचा आकडा नंतर बघा, आधी बाँड वाचा.

नॉयस २००२च्या कायद्याने सुरू झाली. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट नॉयस यांचं नाव तिला दिलं आहे. ती प्रामुख्याने पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी मिळते. पदवीनंतर शिक्षकी परवान्याचं एक वर्ष करायचं असेल तर त्यासाठीही मिळू शकते. वर्षाला किमान १०,००० डॉलर, मात्र कॉलेजच्या एकूण वार्षिक खर्चापेक्षा जास्त नाही. बदल्यात शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं ‘हाय-नीड’ म्हणजे जास्त गरज असलेल्या शाळा-जिल्ह्यात (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) शिकवायचं आणि हे सगळं शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांत उरकायचं. दोन वर्षं पैसे घेतले तर चार वर्षं नोकरी, तीन घेतले तर सहा. तीन वर्षांचे पैसे घेणाऱ्याकडे आठातली दोनच वर्षं मोकळी उरतात. मधे एमएस, बाळंतपण, दुसऱ्या राज्यात बदली आणि तिथला नवा परवाना, एवढं सगळं त्या दोन वर्षांत बसवायचं. तिसऱ्या वर्षाची रक्कम घ्यावी की नाही, हा विचार म्हणूनच वेगळा करावा.

नॉयसची सर्वात चांगली बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अट शाळेची नसून जिल्ह्याची आहे. त्या जिल्ह्यातली एक शाळा जरी गरीब वस्तीत असेल, तिथले शिक्षक भराभर सोडून जात असतील किंवा बरेच शिक्षक आपला नसलेला विषय शिकवत असतील, तर तो जिल्हा पात्र ठरू शकतो. मग त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळेतली नोकरीही चालते. खाजगी शाळा मात्र यात बसत नाही.

आता अडचणी. फाउंडेशन विद्यार्थ्याला थेट पैसे देत नाही. अनुदान कॉलेजला मिळतं आणि विद्यार्थ्यांची निवड कॉलेज करतं. तुमच्या कॉलेजकडे अनुदान नसेल तर विषय संपला. असलं तरी ते किती काळ चालू राहील, हे पाहावं लागतं. २०२५मध्ये फाउंडेशनने शिक्षणविषयक बरीच अनुदानं मधेच बंद केली. म्हणून फाउंडेशनच्या अनुदान-शोध पानावर ‘नॉयस’ आणि कॉलेजचं नाव टाकून समाप्तीची तारीख बघा. मग कार्यक्रमाच्या प्रमुखांना थेट विचारा, ‘माझ्या दुसऱ्या वर्षाचे पैसे आत्ता राखून ठेवले आहेत का?’ उत्तर लेखी घ्या. दुसरा फटका कॉलेजच्या एड ऑफिसकडून (आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयाकडून) बसतो. नॉयसचे १०,००० आले की कॉलेज स्वतःची मदत तेवढीच कमी करू शकतं. मग हातात नवं काही येत नाही आणि डोक्यावर बाँड मात्र बसतो. सही करण्यापूर्वी सुधारित एड लेटर, म्हणजे एकूण मदतीचा हिशेब देणारं पत्र, मागा. मेजर (पदवीचा मुख्य विषय) सोडला किंवा परवान्याचा अभ्यासक्रम अर्धवट टाकला तरी परतफेड लागू होते, हेही करारात असतं.

टीच ग्रँट २००७च्या कायद्यातली आहे. कागदावर वर्षाला ४,००० डॉलर. सीक्वेस्टरची (केंद्र सरकारच्या खर्चातली सरसकट कात्री) ५.७ टक्के कपात लागली की ३,७७२ हातात येतात. पदवीसाठी कमाल १६,०००, मास्टर्ससाठी ८,०००. फाफसा हा केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरावा लागतो, पण कुटुंबाचं उत्पन्न पाहिलं जात नाही. जीपीए (सरासरी गुण) ४ पैकी ३.२५ हवा, किंवा प्रवेश परीक्षेच्या एखाद्या भागात ७५व्या पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत. समुपदेशन आणि सेवा-करार दर वर्षी नव्याने करावा लागतो.

इथली खरी मेख बाँडच्या आकारात आहे. ग्रँट एकदा घ्या नाहीतर चारदा, पदवीसाठीची सेवा चारच वर्षांची. तीही पूर्णवेळ, कमी उत्पन्नाच्या यादीतल्या शाळेत आणि आठ वर्षांच्या आत. म्हणजे फक्त शेवटच्या वर्षी ३,७७२ डॉलर घेणाराही चार वर्षं बांधला जातो. तीन वर्षं शिकवून सोडलं तर काहीच माफ होत नाही. सगळी रक्कम विनाअनुदानित कर्ज होते आणि व्याज ज्या दिवशी पैसे मिळाले त्या दिवसापासून धरलं जातं. आमच्या मते टीच घ्यायची तर पहिल्या वर्षापासून घ्यावी. चौथ्या वर्षी ‘मिळतंय तर घेऊ’ म्हणून घेण्यासारखी ती नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. सरकारच्याच हिशेबतपासणी कार्यालयाने २०१५मध्ये सांगितलं की १,१२,००० हून अधिक लाभार्थ्यांपैकी सुमारे ३६,००० जणांची ग्रँट तोवर कर्जात बदलली होती, काहींची तर चुकून. तेव्हा शिकवत असल्याच्या प्रमाणपत्राचा कागद उशिरा पोचणं एवढंही पुरत असे. २०२१पासून नियम सैल झाले आणि केवळ कागद राहिला म्हणून कर्ज होत नाही. तरी मुख्याध्यापकांच्या सहीचा फॉर्म दर वर्षी पाठवा आणि प्रत जपून ठेवा. नोकरी स्वीकारण्याआधी शाळेचं नाव त्या वर्षीच्या टीसीएलआय यादीत, म्हणजे कमी उत्पन्नाच्या शाळांच्या सरकारी यादीत, आहे का बघा. नंतर नाव यादीतून गेलं तरी त्याच शाळेतली पुढची वर्षं धरली जातात. एकूण तासांपैकी निम्म्याहून जास्त गणित-विज्ञानाचे हवेत. छोट्या शाळेत दोन तास भौतिकशास्त्र आणि बाकी वेळ क्रीडा असं वेळापत्रक हातात पडू शकतं, तेव्हा हे मुलाखतीतच विचारून घ्या.

पात्रतेबद्दल थोडक्यात: नॉयस नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांना दोन्ही दारं बंद आहेत. ट्युशन, फी आणि पुस्तकांवर खर्च न झालेला, खोली-जेवणाकडे वळलेला शिष्यवृत्तीचा भाग करपात्र असतो. नॉयसची रक्कम मोठी असल्याने तिथे हे जास्त जाणवतं.

शिकवायचंच आहे हे ज्याचं पक्कं आहे आणि ज्याच्या कॉलेजकडे अनुदान चालू आहे, त्याने आधी नॉयससाठी अर्ज करावा. ज्याला अजून खात्री नाही, त्याने तिसऱ्या वर्षापर्यंत दोन्हींना हात लावू नये. नॉयसच्या बऱ्याच कार्यक्रमांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी उन्हाळी इंटर्नशिप असते. वर्गात उभं राहून बघायला ती बरी.