कॉन्कॉर्ड की तुपोलेव-१४४?

दोन्ही आवाजापेक्षा वेगाने उडणारी प्रवासी विमानं. आधी आकाशात झेपावलं ते सोव्हिएत तुपोलेव-१४४, ३१ डिसेंबर १९६८ रोजी. ब्रिटिश-फ्रेंच कॉन्कॉर्ड दोन महिने मागे. पण प्रवासी सेवेत तुपोलेव टिकलंच नाही. मॉस्को ते अल्मा-अता (आजचं कझाकस्तानातलं अल्माटी), १९७७-७८मध्ये जेमतेम ५५ फेऱ्या, आणि केबिनमध्ये आवाज एवढा की शेजारच्याशी बोलणंही मुश्कील. कॉन्कॉर्ड मात्र १९७६ ते २००३ धावलं, लंडनहून न्यूयॉर्क साडेतीन तासांत! वेगाने तापून ते वीसेक सेंटिमीटर लांबायचं. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनियरच्या पॅनेलशेजारी फट पडायची, इतकी की त्यात टोपी खोचता यावी. तिकीट श्रीमंतांनाच परवडणारं, हे खरं. तरी माझं मत कॉन्कॉर्डलाच. जर्मनीत झिन्सहाइमच्या संग्रहालयात दोन्ही छपरावर उभी आहेत, आत शिरूनही बघता येतात. जमलं तर जाच.