स्पंज फिल्टर: दिसायला साधा, पण घरच्या फिश टँकसाठी माझी पहिली पसंती

फिश टँक घ्यायला दुकानात गेलं की काचेच्या टाकीसोबत बहुतेक वेळा तो काळा इंटरनल फिल्टर नाहीतर झाकणातला टॉप फिल्टर हातात येतो, आणि आपण स्पंज फिल्टर मागितला की दुकानदार म्हणतो अहो तो ब्रीडिंगवाल्यांचा, शोच्या टँकला बरा दिसत नाही. दिसायला तो साधा आहे हे मान्य, काळ्या स्पंजचा गोळा आणि त्यात उभी प्लास्टिकची नळी, एवढंच. पण मी इथे अकोल्यात घरच्या सगळ्या गोड्या पाण्याच्या टँकना हाच लावलाय आणि कोणी नवीन माणूस विचारायला आला तर पहिलं नाव याचंच सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी किंमत. छोट्या टँकचा दीडशे-दोनशे रुपयांत येतो, मोठा किंवा दोन स्पंजवाला थोडा जास्त. एअर पंप वेगळा घ्यावा लागतो, सोबत एअर पाईप आणि एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाईपमधून पाणी उलटं येऊ न देणारी छोटी झडप). ब्रँडच्या मागे लागू नका, सगळ्यांची रचना एकच असते, खाली वजनदार बूड, त्यावर स्पंज, मधून नळी. घेताना दोनच गोष्टी बघा, बूड जड आहे का (सक्शन कपवाले काही महिन्यांनी काच सोडतात आणि फिल्टर तरंगत वर येतो) आणि स्पंजची छिद्रं डोळ्यांना दिसतील एवढी मोठी आहेत का. अगदी बारीक छिद्रांचा स्पंज लवकर तुंबतो.

आता हे चालतं कसं ते सांगते, कारण हे कळलं की फिल्टरवर विश्वास बसतो. पंपातली हवा नळीत तळाशी सोडली जाते, बुडबुडे वर जाताना नळीतलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि त्याची जागा भरायला बाहेरचं पाणी स्पंजमधून आत ओढलं जातं. म्हणजे पाण्यात मोटर नाही, फिरणारा पंखा नाही, वायर नाही. कचरा स्पंजवर अडकतो हे तर झालंच, पण खरं काम करतात स्पंजच्या आत वाढणारे बॅक्टेरिया. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, बॅक्टेरियांचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक, नायट्राइट तर रक्तातून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच काढून घेतं, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि ते पाणी बदललं की कमी होतं. ही साखळी नवीन टँकमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी टँकभर मासे सोडले की ते एकेक करून मरतात आणि लोक म्हणतात मासेच खराब दिले. बऱ्याचदा मासे ठणठणीत असतात, टँक तयार नसतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे लाईट. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, घरातल्या टँकचं पाणी ३२ च्या आसपास असतं आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि तेव्हाच मासे आणि बॅक्टेरिया दोघांनाही ऑक्सिजन जास्त लागतो. मोटरवाला फिल्टर बंद पडला की पाणी हलायचं थांबतं. कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर आणखी वाईट, बंद डब्यातले बॅक्टेरिया आतला ऑक्सिजन संपवून गुदमरायला लागतात आणि काही तासांनी लाईट आली की ते सडकं पाणी थेट टँकमध्ये येतं. स्पंज टँकमध्येच उघडा असतो त्यामुळे त्यातले बॅक्टेरिया बराच वेळ तग धरतात, आणि एअर पंपाला वीज लागते ती जेमतेम ३ ते ५ वॅट, इन्व्हर्टरला कळतही नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवाला एअर पंप घ्या, काही मॉडेल लाईट जाताच आपोआप बॅटरीवर चालू होतात, साध्या पंपापेक्षा महाग आहेत पण उन्हाळ्याच्या आधी घेऊन ठेवाच. मोटरवाल्या फिल्टरचा कितीही मोठा फ्लो डब्यावर छापलेला असो, लाईट नसताना तो शून्य आहे.

लावताना एक काळजी घ्या. पंप टँकच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी पाईपमधून उलटं येऊन पंपात शिरतं, तिथून बोर्डापर्यंत. वर ठेवायला जागा नसेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावाच, तो १०-२० रुपयांचा असतो, फक्त त्याची दिशा बरोबर लावा, तोंडाने फुंकून बघितलं की कळतं. नवीन स्पंज पहिल्या दिवशी तरंगतो, पाण्याखाली धरून तीन-चार वेळा पिळा, आतली हवा निघाली की बसतो.

साफसफाई म्हणाल तर याच्याइतकं सोपं काही नाही पण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बॅक्टेरिया मारायलाच टाकलेलं असतं, तुमच्या स्पंजमधले कसे वाचतील? वॉटर चेंजच्या वेळी टँकमधून काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्यात स्पंज हलक्या हाताने दाबा-सोडा. पहिल्या दाबाला चहासारखं गडद तपकिरी पाणी निघतं, पावसाळी मातीसारखा वास येतो, हा वास चांगल्या फिल्टरची खूण आहे, सडक्या अंड्यासारखा आला तर स्पंज आतून तुंबलाय समजायचं. अगदी नव्यासारखा काळाभोर होईपर्यंत पिळू नका. तेच गढूळ पाणी मी तुळशीला आणि मनीप्लांटला घालते. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे फिल्टर धुवायला वेगळं पाणी लागत नाही ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे.

गप्पी, मॉली, प्लॅटी पाळणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. मोटरवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो, इथे ओढच इतकी मंद असते की दोन दिवसांची गप्पीची पिल्लंसुद्धा स्पंजला चिकटून त्यावरचे सूक्ष्म जीव टिपत बसतात. श्रिंप (छोट्या कोळंब्या) ठेवलेत तर ते दिवसभर त्यावरच दिसतील, पुढचे इवले पाय तोंडाकडे नेत एकसारखे खात असतात, बघत बसावंसं वाटतं. फायटर माशालाही हा मानवतो, त्याचे लांब पर जोराच्या प्रवाहात फाटतात आणि तो थकून कोपऱ्यात पडून राहतो.

आता कमी काय आहे तेही सांगते. पहिलं म्हणजे आवाज. बुडबुड्यांची बुडबुड आणि पंपाची घरघर, बेडरूममध्ये टँक असेल तर त्रास होतो. नळीच्या आत छोटा एअर स्टोन बसवला की बुडबुडे बारीक होतात आणि आवाज बराच उतरतो, पंपाखाली जाड फोम ठेवला की घरघर कमी होते, पण पूर्ण शांतता मिळणार नाही. दुसरं, पाणी काचेसारखं चकचकीत हवं असेल तर ते याच्याने होत नाही, बारीक कण थोडे राहतात, माशांना त्याने काही होत नाही. तिसरं, गोल्डफिश, ऑस्कर असल्या घाण जास्त करणाऱ्या माशांना एकटा स्पंज पुरत नाही, तिथे मोठा फिल्टर हवाच आणि स्पंज जोडीला. आणि टँकमधल्या झाडांना सिलिंडरने सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर बुडबुडे तो गॅस उडवून लावतात, त्यामुळे प्लांटेड टँकवाल्यांचा हिशोब वेगळा.

मरीनवाले विचारतात खाऱ्या पाण्यात चालेल का. मेन टँकला मी सांगणार नाही. तिथे बॅक्टेरियांचं काम लाईव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले सच्छिद्र दगड) करतो आणि घाण सडायच्या आधीच फेसासोबत बाहेर काढायला प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र असतं, स्पंजमध्ये साठलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते जे कोरलना नको असतं, शिवाय बुडबुडे फुटून मिठाचे शिंतोडे झाकणावर, वायरींवर, सगळीकडे पांढरा थर बसवतात. पण क्वारंटाईन टँकला, म्हणजे नवीन किंवा आजारी मासे वेगळे ठेवायच्या टँकला, याच्यासारखं काही नाही. एक स्पंज कायम मेन टँकच्या संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) टाकून ठेवायचा, नवीन क्लाऊनफिश आणला की तोच उचलून क्वारंटाईनमध्ये लावायचा, बॅक्टेरिया तयारच असतात. कॉपरचं औषध दिलं असेल तर मात्र तो स्पंज परत मेन टँकमध्ये नेऊ नका, कोरल आणि श्रिंपसाठी कॉपर विष आहे.

गोड्या पाण्यातही हीच युक्ती चालते. मी प्रत्येक टँकमध्ये गरजेपेक्षा एक स्पंज जास्त ठेवते, ओळखीत कोणी नवीन टँक सुरू केला की जुना मुरलेला स्पंज ओल्या पिशवीत घालून देते आणि त्यांचे ते चार-सहा आठवडे बरेचसे वाचतात. फक्त आपल्या टँकमध्ये तेव्हा रोग नाही ना हे बघून द्यायचा, आणि नेणाऱ्याने घरी पोचल्या पोचल्या पाण्यात टाकून पंप चालू करायचा, त्याच दिवशी थोडे मासेही सोडायचे, कारण अमोनिया मिळाला नाही तर ते बॅक्टेरिया उपाशी राहतात.

मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत मिळेल, बाकी गावांत दुकानदाराकडे नसला तरी मागवून देतो, ऑनलाईन तर आहेच. दोन फुटी टँकला एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, दोन कोपऱ्यांत लावा आणि एका आठवड्याला एकच धुवा.