सव्वाशे रुपयांचं जी.के.: स्वयंपाकघरात पास, भूगोलात काठावर

कोल्हापुरात सीबीएस स्टँडपासून महाद्वार रोडपर्यंत पुस्तकांच्या दुकानांत ‘रोजचे प्रश्न, सोपी उत्तरं’ या छापाची जाड पुस्तिका हमखास समोर मांडलेली असते. तेराशे प्रश्न, सव्वातीनशे पानं, छापील किंमत १२५ रुपये. तलाठी भरतीच्या पोरांना, शिष्यवृत्तीच्या मुलांना आणि घरात दिवसभर ‘असं का?’ विचारणारं पोरगं असलेल्या पालकांना हीच पुस्तिका विकली जाते. घ्यायला हरकत नाही, पण कुठल्या पानांवर विसंबायचं आणि कुठली पानं पेन हातात धरून वाचायची, हे आधी ठाऊक हवं.

सगळ्यात उजवा भाग स्वयंपाकघराचा. कुकरचं उत्तर नुसतं ‘दाबामुळे’ म्हणून संपवलेलं नाही. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते, असं नीट सांगितलंय. त्याच पानावर ‘पाणी १०० अंशांला उकळतं’ हे मात्र विनाअट छापलंय. ते समुद्रसपाटीला खरं. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथल्या उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दूध उतू का जातं याचं उत्तरही चोख आहे: वर सायीचा पापुद्रा धरतो, खालची वाफ अडते, फेस फुगतो.

कांद्याचं उत्तर अर्धवट. ‘कांद्यात गंधक असतं’ एवढंच दिलंय. मग अख्खा कांदा हातात धरल्यावर डोळ्यांत पाणी का येत नाही? कापल्यावर पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि त्यातून गंधकयुक्त वायू तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोचतो. हे कळलं की उपायही कळतो. सुरीला धार हवी, म्हणजे पेशी कमी चेंगरतात, आणि कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा, म्हणजे ही क्रिया मंदावते.

तिखट लागल्यावर ‘थंड पाणी प्यावे’ हा सल्ला तांबड्या रश्श्याच्या गावात छापावा, म्हणजे कमालच. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. पाणी पिऊन ते तोंडभर पसरतं. दूध-दही चालतं, कारण कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवायला मदत करतं. वर पांढरा रस्सा ओरपला की आग विझते म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत, नारळाच्या दुधात स्निग्धांश असतोच. अडचण एवढीच की जिभेचा जो संवेदक कॅप्सेसिनने चेततो, तोच ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही चेततो. म्हणून पांढरा जरा निवू द्यावा.

गॅस सिलिंडरच्या प्रश्नात सरळ चूक आहे. कड्याच्या पट्टीवर ‘सी-२७’ असं लिहिलेलं असतं, त्याला पुस्तिका ‘गॅसची एक्सपायरी’ म्हणते. गॅस काही शिळा होत नाही. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. विजेच्या युनिटचं कोष्टक मात्र कापून फ्रीजवर चिकटवावं असं आहे: १००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट, दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास म्हणजेही एक युनिट, आणि ९ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटात १११ तास.

पावसाळ्यात इथं सगळ्यात जास्त विचारलं जाणारं जी.के. म्हणजे ‘पाणी किती फुटांवर?’ पुस्तिकेत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट बरोबर आहे. क्युसेक आणि टीएमसीच्या व्याख्याही बरोबर, पण दोन्हींचा एकमेकांशी मेळ घातलेला नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. भागाकार केला तर एका दरवाजातून एक टीएमसी जायला आठ दिवस लागतात. हे एवढं एक उदाहरण दिलं असतं, तर बातमीतले आकडे घरोघरी कळले असते.

कोल्हापूरचं प्रकरण घाईत उरकलंय. राजर्षी शाहूंचा जन्म २६ जून १८७४ चा आणि पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश २६ जुलै १९०२ चा. छपाईत दोन्हीकडे जूनच पडलाय. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना ‘भारताचे पहिले ऑलिंपिक पदक’ देऊन टाकलंय. हॉकीची सुवर्णपदकं १९२८ पासूनची आहेत. खाशाबांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचं जन्मगावही कोल्हापूर नव्हे, कराडजवळचं गोळेश्वर. कोल्हापूर त्यांच्या तालमीचं आणि कॉलेजचं. पंचगंगेचा उगम ‘सह्याद्री’ छापलाय, पण पंचगंगा हे नाव सुरू होतं ते प्रयाग चिखलीच्या संगमापासून. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचं, हेही चूक. २०१९ चं ते मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे. इथल्या माणसाच्या कपाळावर आठी पडेल, पण परीक्षेत मार्क याच उत्तराला.

बाकी भूगोल-राज्यशास्त्रात जुन्या आवृत्तीचा मजकूर तसाच उचललेला दिसतो. एका पानावर २९ राज्यं, दुसऱ्यावर २८. सध्या २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश, २६ जानेवारी २०२० पासून. एव्हरेस्ट अजून ८,८४८ मीटरवरच आहे. २०२० मध्ये ८,८४८.८६ जाहीर झालं. हॉकीला ‘राष्ट्रीय खेळ’ म्हटलंय, तसा कुठलाही खेळ अधिकृतपणे जाहीर झालेला नाही. शनीच्या चंद्रांसारखा प्रश्न तर तारखेशिवाय छापूच नये, २०२५ मध्ये तो आकडा २७४ वर गेला.

आणखी एक खोड छपाईची. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना घातांक खाली घसरलेत. प्रकाशाचा वेग सेकंदाला ‘३ × १०८ मीटर’ असा दिसतो, तो दहाचा आठवा घात आहे, एकशे आठ नव्हे. पोरं तसंच पाठ करतात. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर आधी हे पान बघा, मग राज्यांची संख्या आणि २६ जुलै. तिन्ही बरोबर असतील तर ती दुरुस्त आवृत्ती. नसतील तर नवी कधी येणार ते दुकानदाराला विचारा.

कागद पातळ आहे, मागची शाई पुढे दिसते. बांधणी नुसत्या डिंकाची, पुस्तक उताणं उघडलं की मधली पानं सुटतात. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल मारून घेतलं तर वर्षभर टिकेल. मात्र डावीकडचा समास जेमतेम बोटभर आहे, भोकं अक्षरांवर पडत नाहीत ना ते आधी दोन पानांवर बघून घ्या.