घरीच बसवलेला टोबार: नऊ महिन्यांनंतर

बोलेरो आमची घरची गाडी. राहायला बेळगावात, शेत जांबोटीकडे. भाताची पोती आणायला, उन्हाळ्यात काजूच्या रोपांना पाणी न्यायला दर वेळी टेंपो सांगावा लागायचा. म्हणून छोटा ट्रेलर घेतला आणि जानेवारीत मी नि मामांनी दारातच टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे लावायचा लोखंडी बार, बसवला.

बार चढवायला फार कष्ट पडले नाहीत. मामांनी जॅकवर फळी ठेवून तो धरला, मी बोल्ट लावले. वेळ खाल्ला तो चासीच्या भोकांत बसलेल्या काळ्या अंडरकोटिंगनं, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालून मारलेल्या थरानं. बोल्ट अंदाजानं आवळू नका. उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून मी टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा पाना, आणला आणि बारसोबतच्या कागदावरच्या आकड्याइतकेच आवळले. तरी 1,000 किलोमीटरनंतर पाहिलं, तर दोन बोल्ट अजून थोडे फिरले.

खरा त्रास दिला वायरिंगनं. जूनच्या पहिल्या पावसात ब्रेक दाबला की ट्रेलरचा इंडिकेटर मिणमिणायला लागला. बल्ब बदलले, फ्यूज पाहिले. दोन रविवार गेले. शेवटी सापडलं: ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या 7 पिनी सॉकेटची 3 नंबरची, म्हणजे अर्थिंगची पांढरी वायर मी रंगावरच आवळली होती. परतीची वाट न मिळालेला ब्रेकचा करंट दुसऱ्या बल्बांतून वाट काढत होता. कानशीनं रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वायर घट्ट बसवली, वरून ग्रीस लावलं. त्यानंतर पूर्ण पावसाळा दिवे नीट चालले.

वजनाचं मात्र कळकळीनं सांगतो. 500 लिटरची टाकी एकदा अर्धीच भरून नेली. वळणावर पाणी डुचमळलं आणि ट्रेलर गाडीला मागून ढकलायला लागला. आई गाडीत होती, माझे हात थरथरत होते. आता टाकी काठोकाठ भरूनच नेतो. पोत्यांचा भार चाकांच्या किंचित पुढे ठेवतो. ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं टोक घरच्या वजनकाट्यावर टेकवलं की 40 किलोच्या आसपास भरलं पाहिजे. भार मागे गेला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलतो.

ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, तेवढी आधी करा. विमा कंपनीलाही कळवा.

ट्रेलर अडकवायच्या 50 मिलिमीटरच्या बॉलवर रबरी टोपी हवीच. डिकीतून सामान काढताना आईच्या इरकल साडीला ग्रीस लागलं, ते अजून निघालेलं नाही.

खंडेनवमीला गाडी धुताना वेल्डिंगच्या सांध्यावर तांबेरा दिसला. घासून रेड ऑक्साईडचे दोन हात दिले, मग हार घातला.